कौल

वास्कोहून दुपारी सुटणारी गोवा एक्सप्रेस दुसऱ्या दिवशी रात्री भोपाळला पोचते. या गाडीने मी दिल्लीला अनेकदा गेलो आहे. दरवेळी भोपाळ स्टेशनावर खाली उतरून चहा घेतला, शिट्टी झाली की पुन्हा डब्यात चढलो. माझी मावसबहीण शैला त्या गावात सव्वीस वर्षे नांदते आहे, पण तिच्याकडे म्हणून कधी उतरलो नव्हतो. २०२४ च्या ऑगस्टात उतरलो. (या लेखातली घरची नावे बदलली आहेत, हे आधीच सांगून टाकतो.)

त्याआधी आठ दिवस तिचा फोन आला होता. "दादा, तू ये. ओंकारला डॉक्टरकडे न्यायचंय. ह्यांची बदली जबलपूरला, आणि मला एकटीला जमायचं नाही." तिला भोपाळात माणसांची वाण नाही. १९५६ साली मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला गेली तेव्हा नागपुराहून कितीतरी मराठी कारकून कुटुंबांसह तिकडे गेले, आणि त्यांची तिसरी पिढी आज तिथे आहे. तिच्या सासरचे लोक त्यांतलेच. तरीही तिला गोव्याहून मीच हवा होतो. का, ते मला फोन ठेवता ठेवता कळले आणि रात्रभर झोप आली नाही.

ओंकार एकोणीस वर्षांचा. इंजिनिअरिंगचे दुसरे वर्ष. सहा-सात महिन्यांपासून त्याचे कॉलेजात जाणे कमी झाले होते. रात्री जागायचा, दिवसा झोपायचा. मित्रांचे फोन घ्यायचा नाही. हे सगळे या वयातल्या अर्ध्या मुलांच्या घरी असते, म्हणून कुणी मनावर घेतले नाही. मग एक दिवस त्याने आईला विचारले, "पंखा चालू असला की तुला कुणी हाक मारतंय असं वाटतं का?" पुढे असेही निघाले की, मित्र व्हॉट्सअ‍ॅपवर जे काही टाकतात ते आपल्यालाच उद्देशून असते असे त्याला वाटते. आणि लगेच तो स्वतःच म्हणायचा, "तसं नसेलही. पण वाटतं."

हे 'तसं नसेलही' लक्षात ठेवा. डॉक्टरांनी नंतर आमच्याशी जे बोलणे केले त्यातला बराच भाग या दोन शब्दांवरच होता.

मी पोचलो तेव्हा शैलाच्या हातात एक मोठा पिवळा लिफाफा होता. कुणालाही न विचारता तिने एका खाजगी स्कॅनिंग सेंटरमध्ये मुलाचा एमआरआय करून घेतला होता. कित्येक हजार मोजले होते. अहवालाच्या शेवटी इंग्रजीत एकच ओळ होती, तिचा अर्थ 'काही विशेष आढळले नाही'. "मेंदूचा फोटो चांगला आलाय," ती म्हणाली. जणू लग्नासाठी दाखवायचा फोटो. तिचा चेहरा इतका सुटलेला होता की मला पुढे काही विचारवले नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. जिन्यातच तिने माझा दंड धरला आणि इतक्या वर्षांनी माझ्याशी कोंकणीत बोलली. "दादा, थंय बाबलोचें कांयच उलोव नाका."

बाबलो म्हणजे शैलाचा सख्खा थोरला भाऊ. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. आम्ही एकत्र नदीत पोहलो, एकत्र काजू भाजून खाल्ले, आणि दशावतार बघायला एकाच घोंगडीवर बसलो. १९८६ मध्ये, विसाव्या वर्षी, त्याला आवाज ऐकू येऊ लागले. पहिली तीन वर्षे घरच्यांनी देवाला प्रसाद लावला, घाडी झाले, नारळ उतरवून झाले. गोव्यातल्या वाचकांना प्रसाद म्हणजे काय ते सांगायला नको. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणे घालायचे, आणि उजवी पडते की डावी पडते हे बघत बसायचे. बाबलोच्या वेळी उजवी पडली. मी स्वतः गर्भागाराबाहेर उभा होतो. मावशीने साष्टांग नमस्कार घातला आणि आम्ही सगळे आनंदाने घरी आलो. १९८९ मध्ये त्याला शेवटी पणजीला आल्तिनावर नेले, तोवर तो आईलाही ओळखेनासा झाला होता.

आल्तिनावरच्या त्या इस्पितळाला आब्बे फारियाचे नाव होते, हे पुष्कळांना आता आठवत नसेल. कांदोळीत १७५६ साली जन्मलेला हा पाद्री पॅरिसला गेला आणि १८१३ साली त्याने लोकांना सांगितले की संमोहनाची निद्रा ही संमोहन करणाऱ्याच्या अंगातल्या कसल्या शक्तीने येत नाही, ती झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनातून येते. पणजीच्या जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा जो पुतळा आहे, तो मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामतांनी घडवला. माझ्या लहानपणी मुले त्या पुतळ्याला भिऊन रस्त्याच्या पलीकडून जात. 'तुका आल्तिनार व्हरूंक जाय' हे वाक्य आम्ही शिवी म्हणून वापरत होतो. बाबलो तिथे गेला तेव्हापासून मी ते वापरणे सोडले. इतकेच काय ते मी त्याच्यासाठी केले.

१९९८ साली शैलाचे लग्न भोपाळच्या स्थळाशी ठरले तेव्हा, 'भाऊ काय करतो?' या प्रश्नाला 'बाहरीनला असतो' असे उत्तर दिले गेले. गोव्यात कुणी बाहरीनला असणे ही इतकी सामान्य गोष्ट, की पुढचा प्रश्न आलाच नाही. २००९ साली बाबलो गेला. तो बाहरीनला हृदयविकाराने गेला असे भोपाळला कळवले. ते पत्र माझ्या अक्षरात होते.

डॉक्टर पन्नाशीच्या आतबाहेरचे, शांत होते. ओंकारशी ते पाऊण तास एकटे बोलले. मग आम्हाला आत घेतले. शैलाने आधी तो लिफाफा पुढे केला. त्यांनी फिल्म उजेडात धरून नीट पाहिली, पुन्हा आत घातली आणि विचारले, "आपके परिवार में किसी को इस तरह की बीमारी?"

"नहीं," शैला म्हणाली. "किसी को नहीं."

मी खाली बघत होतो. टेबलावरच्या काचेखाली एक जुने कॅलेंडर होते, त्यातला डिसेंबर महिना मला अजून आठवतो.

यानंतर त्यांनी जे समजावले ते मी पुढच्या काही महिन्यांत वाचून पडताळले. माझ्यासारख्या सामान्य माणसाला समजले ते असे.

वेड लागण्याच्या आधी एक उंबरठा असतो. भास पूर्ण भास झालेले नसतात, संशय पक्का झालेला नसतो. माणसाला वाटते, आणि ते खरे नसावे असेही वाटते. या उंबरठ्यावरच्या मुलामुलींना 'उच्च जोखीम' असे नाव आहे. १९९४ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नला पॅट्रिक मॅगोरी, अ‍ॅलिसन युंग वगैरे मंडळींनी अशा मुलांसाठी वेगळा दवाखाना काढला. तो मुद्दाम मनोरुग्णालयापासून दूर ठेवला. आल्तिनार व्हरप तिकडेही असतेच म्हणायचे. सुरुवातीच्या वर्षांत त्यांना असे दिसले की शंभरांतली चाळीसेक मुले वर्षभरातच उंबरठा ओलांडतात. पुढे अशी सेवा अनेक देशांत पसरली, मुले लवकर येऊ लागली, तसा तो आकडा उतरला. आज एकत्रित अभ्यास सांगतात की तीन वर्षांत साधारण पंचवीस मुलांना आजार होतो आणि पंचाहत्तरांना होत नाही. त्या पंचाहत्तरांतली सगळीच ठणठणीत होतात असे नाही. काहींना चिंता, उदासी पुरून उरते. पण ज्याला आपण 'वेड' म्हणतो ते त्यांना लागत नाही.

आता कोण पंचवीसांतला आणि कोण पंचाहत्तरांतला हे आधी कळले तर? इथे मेंदूचा फोटो आला.

मेंदूत काहीतरी बदलते, ही शंका जुनी. लंडनच्या नॉर्थविक पार्क इस्पितळात ईव्ह जॉन्स्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली स्किझोफ्रेनियाच्या सतरा जुन्या रुग्णांचे, तेव्हा नव्यानेच आलेल्या सीटी यंत्रावर फोटो काढले, आणि मेंदूच्या आतल्या पोकळ्या इतरांपेक्षा मोठ्या असल्याचे दाखवले. पण ते वर्षानुवर्षे आजारी आणि इस्पितळात राहिलेले लोक. पोकळी आजारामुळे वाढली, की आजाराच्या आधीपासूनच होती? हे ठरवायचे तर आजार होण्यापूर्वीचा फोटो हवा. आणि आजार कुणाला होणार हे आधी ठाऊक नसते. मेलबर्नच्या दवाखान्याने हा तिढा सोडवला. त्यांच्याकडे उंबरठ्यावरची मुले होती. २००३ साली क्रिस्टोस पँटेलिस यांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिले की अशा पंचाहत्तर जणांचे फोटो आधीच काढून ठेवले होते. त्यांतल्या तेवीस जणांना पुढे आजार झाला. मागे वळून ते जुने फोटो पाहिले, तर या तेवीस जणांच्या मेंदूच्या कानशिलाकडच्या आणि कपाळाकडच्या काही भागांत करडे द्रव्य इतरांपेक्षा कमी होते. आणि ज्यांचे पुन्हा फोटो काढले, त्यांच्यात आजार येता येता ते आणखी घटलेले दिसले.

हे वाचल्यावर मीही शैलासारखाच उठून बसलो. म्हणजे दिसते की!

पण थांबा. अमेरिका आणि कॅनडातल्या आठ केंद्रांनी मिळून २०१५ साली दोनशे चौऱ्याहत्तर मुलांचा असाच पाठपुरावा जाहीर केला. पस्तीस जणांना आजार झाला आणि त्यांच्या कपाळाकडची साल इतरांपेक्षा वेगाने पातळ होत गेली. २०२१ साली तर जगभरातल्या एकतीस केंद्रांनी आपापले फोटो एकत्र केले. जोखमीतली १७९२ मुले आणि १३७७ निरोगी. त्यांतल्या २५३ जणांना पुढे आजार झाला. एवढ्या मोठ्या संख्येतही फरक दिसला. जोखमीतल्या मुलांच्या मेंदूची साल थोडी पातळ, आणि पुढे आजारी पडलेल्यांच्या काही ठरावीक भागांत अधिक पातळ.

'थोडी' म्हणजे किती? मेंदूची ही साल सरासरी अडीच मिलिमीटर जाड असते. फरक आहे तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागांतला. माणसामाणसांत उपजतच जो फरक असतो, तो याहून कितीतरी मोठा. शाळेतल्या दोन वर्गांची सरासरी उंची काढली तर एक वर्ग अर्धा बोट बुटका निघेल, पण म्हणून दारातून आत आलेल्या एका मुलाची उंची बघून तो कुठल्या वर्गातला हे सांगता येईल का? डॉक्टरांनी शैलाला नेमके हेच सांगितले. "बहनजी, ये फोटो अच्छा आना ही था. इसमें वो चीज़ दिखती ही नहीं." त्या तीन हजार फोटोंची सरासरी काढायला संगणक लागतो. स्कॅनिंग सेंटरचा माणूस गाठ, रक्तस्राव, सूज बघतो. ती नव्हती, हे चांगलेच. त्यापलीकडे त्या लिफाफ्यात काही नव्हते.

शैला म्हणाली, "म्हणजे पैसे फुकट गेले." डॉक्टर हसले नाहीत. मला मात्र गर्भागाराबाहेरची ती दुपार आठवली. त्या दिवशीही उजवी पाकळी पडली होती.

ही साल पातळ का होते, याची कथा मला फार आवडली, म्हणून थोडे विषयांतर. अंगणातला मोगरा आपण छाटतो. छाटला नाही तर नुसती पाने माजतात, कळ्या येत नाहीत. मेंदूही तेच करतो. लहानपणी पेशींमधले दुवे भरमसाट वाढतात आणि वयात येताना नको असलेले छाटले जातात. साल पातळ होते ती अशी, आणि ती तुमची-माझी सगळ्यांचीच झाली. अर्विन फाइनबर्ग यांनी १९८२ साली तर्क मांडला की स्किझोफ्रेनियात ही छाटणी बिघडत असावी. १९९४ साली मॅचेरी केशवन आणि सहकाऱ्यांनी तो तर्क पुन्हा तपासून, कपाळाकडच्या भागात छाटणी जास्त होत असावी असे म्हटले. केशवन हे बंगळुरूच्या निम्हान्समध्ये शिकून अमेरिकेला गेलेले. २०१६ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी 'सी-फोर' नावाच्या जनुकाचा या छाटणीशी आणि आजाराशी संबंध दाखवला तेव्हा जुन्या तर्काला बळ आले. अजून तो तर्कच आहे. पण विसाव्या वर्षीच का, चाळिसाव्या का नाही, याचे उत्तर त्यात कुठेतरी असावे असे मला वाटते. बाबलो वीस, ओंकार एकोणीस.

हेच केशवन पुढे भोपाळच्या गोष्टीतही भेटतात, आणि त्यांच्याबरोबर आपला गोवाही. पर्वरीच्या 'संगात'चे नाव आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. १९९६ साली सुरू झालेल्या या संस्थेचे भोपाळातही मोठे केंद्र आहे, हे मला तिथे गेल्यावर कळले. त्यांनी भोपाळच्या एम्सबरोबर, निम्हान्सबरोबर आणि बॉस्टनच्या केशवन व जॉन टोरस यांच्या चमूबरोबर एक प्रयोग केला. ज्यांना स्किझोफ्रेनिया आधीच झाला आहे अशा लोकांच्या मोबाईलवर एक अ‍ॅप घातले. माणूस किती चालतो, किती झोपतो, घराबाहेर पडतो की नाही, हे ते अ‍ॅप त्याच्या संमतीने टिपून ठेवते. २०२३ साली आलेल्या निष्कर्षांत दिसले की आजार उलटण्याच्या आधीच्या महिन्यात या नोंदींतले विचित्र चढउतार वाढतात. हा प्रयोग उंबरठ्यावरच्या मुलांवर नव्हता, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण मला त्यात एक ओळखीची गोष्ट दिसली. बाबलोचे १९८६ साली काय बिघडले ते मावशीला यंत्राशिवाय कळले होते. तो झोपत नाही, नदीवर जात नाही, जेवताना ताटाकडे बघत बसतो. तिने हे सगळ्यांना सांगितले. आम्ही तिला देवळात घेऊन गेलो.

औषध काय, हा शैलाचा पुढचा प्रश्न. उंबरठ्यावर लगेच गोळ्या सुरू करत नाहीत. त्या गोळ्यांचे स्वतःचे दुष्परिणाम असतात, काही अभ्यासांत त्यांनीही मेंदूचे आकारमान थोडे घटलेले दिसले आहे, आणि चारांतल्या तिघांना आजार होणारच नसेल तर तिघांना उगीच द्यायच्या का? त्याऐवजी बोलण्याचे उपचार. वाटते ते आणि असते ते यांत फट कशी ठेवायची, हे शिकवायचे. झोप सुधारायची. गांजा-भांग असेल तर सोडायची. भोपाळात भांगेची सरकारी परवान्याची दुकाने असतात, होस्टेलमध्ये गांजाही फिरतो, आणि ओंकारने दोन्ही चाखले होते. हे त्याने डॉक्टरांना सांगितले, आईला नव्हे. आणि दर पंधरा दिवसांनी येऊन भेटायचे. आजार आलाच, तर पहिल्याच आठवड्यात धरता यावा म्हणून. उपचारावाचून गेलेला काळ जितका लांब, तितके पुढचे बरे होणे अवघड. बाबलोचा काळ तीन वर्षांचा होता.

मासळीचाही इथे एक प्रसंग आहे, तो गोमंतकीयांसाठी. २०१० साली व्हिएन्नातून बातमी आली की जोखमीतल्या मुलांना माशाच्या तेलाच्या गोळ्या दिल्या तर आजार टळतो. मी हे वाचले आणि शैलाला बांगडे पाठवायचा बेत केला. मग कळले, तोच प्रयोग पुढे अनेक देशांत मोठ्या प्रमाणावर केला तेव्हा तेलाचा उपयोग दिसला नाही. बांगडा बिचारा पुन्हा आमटीपुरता उरला.

डॉक्टरांकडून निघताना मी चप्पल घालण्याचे निमित्त करून मागे राहिलो. शैला आणि ओंकार जिना उतरत होते. मी परत आत गेलो आणि सांगितले. सख्खा मामा. विसावे वर्ष. आवाज. आल्तिन. २००९. माझे हिंदी गोव्याचे, त्या दिवशी तर अगदीच मोडके. डॉक्टरांनी कागदावर एक चौकोन काढला, त्याखाली काहीतरी लिहिले आणि म्हणाले की सगळ्या लोकांत शंभरांत एखाद्याला हा आजार होतो, सख्खा मामा आजारी असेल तर तीन-चार जणांना. म्हणजे शहाण्णव जणांना मामा असूनही काही होत नाही. "पर ये बात मुझे पता होनी चाहिए थी," ते म्हणाले. मग विचारले, "लड़के को पता है?"

संध्याकाळी मी शैलाला सांगितले की मी सांगितले. ती माझ्याशी बोलेनाशी झाली. तिचे काय चुकले? २०१३ साली अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी आपले नवे निदानपुस्तक काढले तेव्हा या उंबरठ्यालाही आजाराच्या यादीत घालावे की नाही यावर मोठा वाद झाला, आणि शेवटी त्यांनी त्याला 'अधिक अभ्यासाची गरज' असलेल्या मागच्या प्रकरणात ठेवले. कारण हेच. एकदा शिक्का बसला की पंचाहत्तर मुलांनाही तो उगीचच मिरवावा लागतो. तिकडच्या विद्वानांना जी भीती, तीच शैलाला. तिची मुलगी बावीस वर्षांची आहे. तिच्यासाठी स्थळे येत आहेत.

आणि घरात तिच्या सासूबाई. त्यांच्याविषयी थोडे सांगायला हवे. १९८४ च्या डिसेंबरात, दोन आणि तीन तारखेच्या मधल्या रात्री, युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटले तेव्हा त्यांचे बिऱ्हाड स्टेशनाजवळच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये होते. सासरे रेल्वेत. त्या रात्री धाकट्या दिराला खांद्यावर घेऊन त्या पळाल्या. डोळे आणि छाती तेव्हापासून अधू. भोपाळात गॅसपीडितांची कार्डे असतात. सासूबाईंचे कार्ड प्लास्टिकमध्ये घालून देवघराशेजारी ठेवलेले आहे. शरीराची इजा या गावात कुणी लपवत नाही, तिची नोंद होते, तिच्यासाठी मोर्चे निघतात. मनाची नोंद तशी झाली नाही. वायुकांडाच्या वेळी बंगळुरू-लखनौची मनोविकारतज्ज्ञ मंडळी आली, १९८५ साली सरकारी डॉक्टरांना मनाचे आजार ओळखायचे प्रशिक्षण दिले गेले. घाबरणे, झोप उडणे, उदासी यांचे कितीतरी रुग्ण त्यांना वस्त्यांत सापडले. नुकसानभरपाईच्या हिशेबात फुप्फुस आले, डोळे आले. ते मागेच पडले.

सासूबाईंना शैलानेच सांगितले, तिसऱ्या दिवशी. मी बाहेरच्या खोलीत होतो. बराच वेळ आतून काही ऐकू आले नाही. मग म्हातारी बाहेर आली आणि माझ्यासमोर बसली. मला वाटले, आता मुलाच्या रक्ताविषयी काहीतरी ऐकावे लागणार. त्या म्हणाल्या, "ते पत्र तुम्ही लिहिलं होतं ना? बाहरीनचं?"

मी हो म्हटले.

"मी त्याच्या नावानं इथं दहा दिवस दिवा लावला होता. परदेशात एकटा गेला म्हणून." नंतर त्या उठल्या. त्यांचा राग गेला नव्हता, आणि तो आजारावरचा राग नव्हता. त्या रात्री त्यांनी जेवताना माझ्याकडे पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज आला, त्या शैलाला गल्लीतल्या एका बाईची गोष्ट सांगत होत्या. ती १९८४ नंतर दर रात्री कुकरची शिट्टी ऐकून दारे-खिडक्या बंद करायची. "आम्ही तिला पागलच म्हणत होतो," एवढे मला ऐकू आले.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी आणि ओंकार मोठ्या तलावावर गेलो. पाऊस नुकताच थांबला होता, पाणी काठोकाठ. भुट्टे भाजणाऱ्यांच्या शेगड्यांचा धूर अंगावर येत होता. आईने त्याला सकाळी सगळे सांगितले होते. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग विचारले, "मामा, त्यांना काय ऐकू यायचं?"

अडतीस वर्षांत मला हे कुणी विचारले नव्हते. मी आठवून सांगितले. की नदीच्या पलीकडून दोन माणसे त्याच्याविषयी बोलत. की ती त्याच्या शाळेतल्या मास्तरांच्या आवाजात बोलत. की तो त्यांना उत्तर देऊ लागला तेव्हा आम्ही घाबरलो. आणि पुढे औषधे सुरू झाल्यावर ते आवाज कमी झाले, तेव्हा एकदा तो मला म्हणाला होता की आता फार शांत वाटते, कुणीच नाही.

"मला एका बाईचा आवाज येतो," ओंकार म्हणाला. "ती मला ओंकार म्हणते. घरी मला कुणीच ओंकार म्हणत नाही. सगळे ओमू म्हणतात. म्हणून मला कळतं, ती खरी नाही."

"अजूनही कळतं?"

"हो. काल थोडा वेळ लागला."

मी त्याला म्हटले, हे जसेच्या तसे डॉक्टरांना सांग. 'थोडा वेळ लागला' हेसुद्धा. त्याने मोबाईल काढला आणि ते लिहून ठेवले. मग आम्ही एक एक भुट्टा घेतला. त्याची पुढची तारीख अकरा दिवसांनी होती. आज हे लिहितो आहे तोवर त्याने एकही तारीख चुकवलेली नाही. एक सत्र बुडाले, ते परत द्यायचे आहे. शैला माझ्याशी पुन्हा बोलू लागली आहे, पण अजून मराठीतच.